दुखण्याचे मूळ गर्भाशयाबाहेर

'पाळीच्या दिवसांत पोट दुखायचेच, लग्न झाले की थांबेल' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरात किंवा शेजारी कधी ना कधी ऐकलेले असते. बऱ्याच मुलींचे दुखणे सौम्य असते आणि एक-दोन दिवसांत ओसरते, त्यामुळे हे वाक्य कोणी तपासून पाहत नाही. पण काही मुलींचे दुखणे वर्षागणिक वाढत जाते आणि विशी-पंचविशीत त्यांच्यापुढे एकदम मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो. असे का होते? शस्त्रक्रियेत नेमके काय करतात? आणि ती झाली की रोग संपतो का? एंडोमेट्रिओसिस या विकाराच्या संदर्भात हे तीन प्रश्न आपण समजून घेऊ.

अस्तर चुकीच्या जागी

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक मऊ अस्तर असते. अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते दर महिन्याला जाड होते. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्याला गर्भधारणेसाठी तयार करते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरकांचे प्रमाण उतरते आणि अस्तर रक्तासह बाहेर पडते. एवढा भाग दहावीच्या वर्गात आपण शिकवतोच.

एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर आढळते. अंडाशयावर, गर्भाशय आणि मलाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, मूत्राशयावर, आतड्यावर, क्वचित श्वासपटलावरही ती वाढते. तीही संप्रेरकांना प्रतिसाद देते आणि तिच्यातूनही रक्त येते. पण या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते जिथल्या तिथे साचते आणि आजूबाजूला दाह होतो. दाह भरून काढताना शरीर व्रणासारखी घट्ट ऊती तयार करते व शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात साचलेले जुने रक्त दाट आणि तपकिरी होते, म्हणून त्या गाठीला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

वेदनेची कारणेही एकापेक्षा अधिक आहेत. दाहातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने निर्माण होतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या ती कमी करतात. पण रोगट जागी नवे चेतातंतूही वाढतात, आणि वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश येत राहिले की मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील होते. मग साध्या गोळीचा उपयोग होईनासा होतो.

ही ऊती तेथे पोचते कशी? अमेरिकी डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडले की पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटाच्या पोकळीत जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. परंतु असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्ये होतो आणि रोग मात्र थोड्यांनाच होतो. त्यामुळे आनुवंशिकता आणि प्रतिकारसंस्था यांचाही वाटा मानावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, हा विकार आहे. इतका मोठा आकडा आणि तरीही निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षे लागतात.

एका लेखिकेचा अनुभव

हिलरी मँटेल (१९५२–२०२२) या इंग्रज कादंबरीकार. बुकर पारितोषिक त्यांना २००९ आणि २०१२ अशा दोन वेळा मिळाले. त्यांच्या आजाराची हकीकत त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. विद्यार्थिदशेत त्यांना पोटात आणि पायांत वेदना होऊ लागल्या. डॉक्टरांनी त्याचा संबंध मनाशी जोडला आणि मनोविकारांवरील औषधे दिली. त्या औषधांचे दुष्परिणाम हीच पुढे मानसिक आजाराची लक्षणे मानली गेली. नंतर पतीच्या नोकरीनिमित्त त्या आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात राहिल्या. तेथे वैद्यकशास्त्राचे पुस्तक वाचताना आपली लक्षणे कोणत्या रोगाशी जुळतात हे त्यांनीच शोधून काढले. १९७९ साली लंडनमध्ये डॉक्टरांनी तो अंदाज खरा ठरवला. तोवर रोग इतका पसरला होता की त्यांचे गर्भाशय आणि अंडाशय काढावे लागले. त्या वेळी त्यांचे वय २७ होते. मूल होण्याची शक्यता त्या दिवशी संपली आणि पाळी कायमची थांबली. एवढे होऊनही पुढे रोग परतला.

गर्भपिशवीच नाही, मग हा रोग परत कसा येतो? रोगाचे मूळ गर्भाशयाबाहेर आहे. गर्भाशय काढले तरी बाहेर राहिलेले ठिपके आपापल्या जागी असतात. अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेनचा मुख्य पुरवठा थांबतो, पण या ऊतीत अरोमॅटेज नावाचे विकर असते आणि त्याच्या साहाय्याने ती थोडे इस्ट्रोजेन स्वतःच बनवते. शिवाय तरुण वयात अंडाशय काढले तर हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे हे परिणाम टाळण्यासाठी बाहेरून इस्ट्रोजेन द्यावे लागते. तेच उरलेल्या ठिपक्यांनाही मिळू शकते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

आज सोनोग्राफी आणि एमआरआय यांवरून चॉकलेट सिस्ट आणि खोलवर गेलेला रोग पुष्कळदा ओळखता येतो. वरवरचे ठिपके मात्र त्यांत दिसतीलच असे नाही. म्हणून 'सोनोग्राफी चांगली आहे, म्हणजे काही नाही' हा निष्कर्ष बरोबर नाही. युरोपातील तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ निदानासाठी प्रत्येकीला दुर्बिणीतून तपासणे आता आवश्यक मानत नाहीत. लक्षणांवरून औषधे सुरू करता येतात. ती बहुधा प्रोजेस्टेरॉनसारखी किंवा गर्भनिरोधक गोळ्यांची असतात. त्यांनी पाळी आणि वेदना आटोक्यात राहतात, पण रोग नाहीसा होत नाही.

औषधांनी भागत नसेल किंवा आतडे वा मूत्रवाहिनी आवळली जात असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. रोग किती पसरला आहे हे गुण देऊन मोजतात आणि ४० पेक्षा अधिक गुण म्हणजे तीव्र अवस्था. मात्र गुण आणि वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. थोडे ठिपके असलेली मुलगीही वेदनेने अंथरुणाला खिळू शकते.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून, लहान छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे घालून चिकटलेले अवयव सुटे करतात, ठिपके कापून किंवा जाळून काढतात, अंडाशयातील गाठ सोलून काढतात. तीव्र रोगात आतड्याचा तुकडाही काढून दोन्ही टोके जोडावी लागतात. हा जोड गळण्याचा धोका असतो, म्हणून काही वेळा पोटावर तात्पुरती शौचाची वाट काढून ठेवतात. मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाच्या चेतांना इजा होऊ शकते. गाठ सोलताना तिच्याबरोबर अंडाशयातील काही निरोगी बीजेही जातात, त्यामुळे पुढे मूल हवे असेल तर शस्त्रक्रियेआधी बीजे गोठवून ठेवण्याचा पर्याय डॉक्टरांशी बोलावा लागतो.

या साऱ्यातून बऱ्याच जणींच्या वेदना खरोखर कमी होतात, त्यांचे शिक्षण आणि नोकरी पुन्हा मार्गी लागते. पण पाच वर्षांत पुष्कळ जणींचा रोग परत येतो आणि शस्त्रक्रियेनंतर औषधे चालू ठेवली तर ते प्रमाण घटते. म्हणजे येथे काही मिळते आणि काही द्यावे लागते. पंचविशीच्या मुलीने ही देवघेव समजून, प्रश्न विचारून, हवे तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन ठरवायची असते. किती कापायचे, काय राखायचे, मूल हवे का, हे तिच्या वतीने इतर कोणी ठरवू नये.

शाळेचा संबंध कोठे येतो?

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना या विकाराची नेमकी सुरुवात अजून उलगडलेली नाही, आणि लवकर उपचार केले तर रोग वाढणारच नाही असे आम्ही म्हणू शकत नाही. एवढे मात्र नक्की, की लवकर ओळख पटली तर निवडीला पर्याय अधिक उरतात. आणि सुरुवातीची लक्षणे दिसतात ती पुष्कळदा शाळेच्या वयातच.

हजेरीपटाकडे या दृष्टीने पाहावे. एखादी मुलगी दर महिन्याला त्याच सुमारास दोन-तीन दिवस गैरहजर राहते का? गोळी घेऊनही तिला बसवत नाही का? पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला त्रास होतो का? पाळी नसतानाही ओटीपोट दुखते का? असे असेल तर प्रत्येक वेळी एंडोमेट्रिओसिसच असेल असे नाही, पण तपासून घेण्यासारखे काही आहे हे निश्चित. अशा मुलीला बाईंनी एक छोटी वही ठेवायला सांगावी. तिच्यात तारीख, वेदना ० ते १० पैकी किती, कोणती गोळी घेतली, शाळा बुडली का, एवढेच लिहायचे. तीन महिन्यांची अशी नोंद पालकांना आणि डॉक्टरांना हकिगतीपेक्षा अधिक सांगते.

आणि 'लग्न झाले की थांबेल' या वाक्याचे काय? गरोदरपणात पाळी थांबते, त्यामुळे काही जणींना तेवढ्यापुरते बरे वाटते. लग्न किंवा बाळंतपण हा या रोगावरचा उपचार नाही, आणि उपचार म्हणून तसा सल्ला देऊ नये असे तज्ज्ञही सांगतात. दहावीच्या वर्गात मासिक पाळीची आकृती फळ्यावर काढताना मुलामुलींपुढे आणखी एक वाक्य बोलता येईल: दर महिन्याला शाळा बुडावी इतके दुखणे हे नेहमीचे नव्हे, ते डॉक्टरांना सांगायचे असते.