चौकट : चतुर्थीतलं वायफाय

चतुर्थीला मालवण तालुक्यातल्या कट्ट्यात चाकरमानी उतरले की एकेका घरच्या राउटरवर पंधरा-वीस मोबाइल चढतात. ४० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ मेगाबाइट. ८ बिटांचा एक बाइट, हे जाहिरातीत ठळक कोण छापणार? एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. आठ जण पाहायला बसले की शिल्लक शून्य.

खरा चोर मात्र वेगळाच. आरतीचे व्हिडिओ गुपचूप क्लाउडवर चढवणारा एखादा मोबाइल अपलोड भरून टाकतो, राउटरमध्ये डेटाच्या पाकिटांची लांबलचक रांग लागते आणि दुबईतल्या मुलाचा कॉल ‘हॅलो, हॅलो’वरच अडकतो. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ हा उपाय मांडला. त्यातूनच निघालेली ‘एफक्यू-कोडेल’ पद्धत प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी धरते आणि पाळीपाळीने सोडते, पाटाचं पाणी बागेला सोडावं तसं.

राउटरमध्ये अशी रांग सांभाळणारी ‘एसक्यूएम’ (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) ही सोय असेल तर ती सुरू करा. डाउनलोड आणि अपलोड दोन्हींची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा. ४० मिळत असतील तर ३६. चार एमबीपीएस सोडणं जिवावर येतं, पण रांग आपल्या राउटरात राहिली तरच तिला शिस्त लावता येते. एसक्यूएम नसेल तर ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं काढून त्याला वेगमर्यादा घाला.

आणि फोटोंचा बॅकअप रात्री, मंडळी भजनाला गेल्यावर लावा.