खेळातली आपली लाल परी

आपल्या गावाला येते तशी लाल एस.टी. इंडोनेशियात धावते असे सांगितले, तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण मोबाईलमधल्या एका खेळात ती खरंच धावते. खेळाचे नाव 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. तिकडच्या मालेओ कंपनीने तो २०१७ साली काढला. त्यात एस.टी. मात्र कंपनीने घातली नाही. आपल्याकडच्या, एस.टी.चा नाद असलेल्या पोरांनी घातली. दुसऱ्याच्या खेळात आपण असा फेरफार केला की त्याला 'मॉड' म्हणतात.

माझा आतेभाऊ पुण्याला दापोडीत राहतो. हे कसे करतात ते त्या दादाने मला समजावले. सोपे काम रंगाचे. खडूचा खोका उलगडला की पुठ्ठा सपाट होतो ना, तसे बसचे उलगडलेले सपाट चित्र मिळते. त्यावर लाल रंग द्यायचा, पट्टा ओढायचा, मराठी अक्षरे लिहायची. चित्र खेळात घातले की ते बसला गुंडाळले जाते. पण आकार तिकडच्याच बसचा राहतो. शेजारच्या गावच्या मुलाला आपला गणवेश घातल्यासारखे दिसते ते!

अवघड काम म्हणजे अख्खी बस घडवणे. दापोडीला एस.टी.ची मोठी कार्यशाळा आहे. तिथे नुसत्या चासीवर बॉडी बांधतात. मॉड करणारे तेच काम संगणकावर करतात. त्यासाठी ब्लेंडर नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. बारीक बारीक त्रिकोण जोडून काच, खिडक्या, आरसे, मागची शिडी, सगळे करावे लागते. त्रिकोण फार झाले तर बस हुबेहूब दिसते, पण साधा मोबाईल अडकतो. कमी केले तर बस खोक्यासारखी दिसते. एवढे करून पुष्कळ जण ती फुकट वाटतात, आणि कोणीतरी आयती उचलून स्वतःचे नाव टाकतो. याचा मला फार राग येतो.

गंमत म्हणजे इंडोनेशियातही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून आपली एस.टी. तिथे चटकन शोभते. तिकडची मुलेपण हॉर्नसाठी वेडी. रस्त्याकडेला उभी राहून 'ओम तेलोलेत ओम' ओरडायची, म्हणजे काका, हॉर्न वाजवा की! २०१६ साली हे जगभर गाजले.

मालेओने मॉडसाठी खेळात मुद्दाम जागा ठेवली आहे. सगळ्या कंपन्या ठेवत नाहीत. 'क्रिकेट ०७' हा खेळ २००६ साली आला. तेव्हा आय.पी.एल. नव्हतीच, आणि पुण्याचा ऋतुराज गायकवाड ९ वर्षांचा होता. कंपनीने पुढे क्रिकेटचा नवा खेळ काढला नाही. तरी चाहते त्यात नवे संघ आणि नवे खेळाडू घालत राहिले, म्हणून तो जुना खेळ टिकला.

पालकांना एक सांगायचे आहे. मॉडच्या नावाखाली कोणी भलतीच फाईलपण पाठवतो. मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय मोबाईलमध्ये काही घेऊ देऊ नका.

पहिली एस.टी. १ जून १९४८ ला अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला आली. तिची बॉडी लाकडी होती. दादाला ती घडवायची आहे, पण त्याला सगळ्या बाजूंचे फोटो हवेत. कुणाच्या आजोबांकडे जुन्या एस.टी.चा फोटो असला, तर मला जरूर दाखवा.

(इयत्ता चौथी)