अर्धवेळ नोकरी, पण हक्क अर्धे का?



आपल्याकडची काही मुले कॅनडातील ओंटारिओ प्रांतात कॉलेज शिकायला गेली आहेत. शिकता शिकता अर्धवेळ काम करतात. तिथल्या अशा कामगारांना संघटनेचा हक्क कसा मिळाला, ते येथे थोडक्यात देत आहोत.

कॉलेज म्हटले की प्राध्यापक डोळ्यांपुढे येतात. पण ग्रंथालय, प्रयोगशाळा, कचेरी सांभाळणारी माणसे नसतील तर कॉलेज एक दिवस चालायचे नाही. गव्हाणीवर आणि गोदामात माणूस नसेल तर आपला कारखाना चालेल का? तसेच हे.

ओंटारिओत १९७५ च्या कायद्याने सरकारी कॉलेजांतील पूर्णवेळ नोकरांना संघटनेमार्फत करार करता येऊ लागला. आठवड्याला २४ तास किंवा त्याहून कमी काम करणाऱ्यांना मात्र वगळले. काम तेच, पण पगार, रजा, कामाचे तास कॉलेज ठरवील तसे. दाद मागायला कराराचा आधार नाही.

२००६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या समितीने अर्धवेळ नोकरांनाही हा हक्क हवा, असे सांगितले. २००७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात सामुदायिक वाटाघाटीला घटनेचे संरक्षण मानले. अखेर २००८ साली कायदा बदलला.

पण कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. संघटनेला मान्यता हवी तर आधी पुरेसे सभासद नोंदवायचे, मग गुप्त मतदान. अर्धवेळ माणूस चार महिन्यांनी नोकरी सोडतो. सह्या गोळा होईतो नावे बदलतात. त्यात हरकती आणि वाद. मान्यता मिळायला २०१८ साल उजाडले.

यात आपल्याला काय? आपल्या हंगामी कामगाराला बंद हंगामात रिटेन्शन भत्ता मिळतो. ती कुणाची मेहेरबानी नव्हे; वेतन मंडळ आणि त्रिपक्षीय करार यांतून तो हक्क झाला. कारखान्यांच्या आधाराने चालणाऱ्या शिक्षण संस्थांतही अर्धवेळ शिपाई, ग्रंथालय सेवक असतात. आपला पोरगा परदेशात न्याय मागतो तेव्हा आपल्याला बरे वाटते. मग इथल्या शिपायाने मागितला तर कपाळाला आठी का?

त्याला किती द्यायचे, हा हिशेबाचा प्रश्न आहे. सभेत आकडे जरूर विचारू या. पण त्याने चारचौघांना घेऊन बोलावे की नाही, हा हिशेबाचा प्रश्न नाही. आपण स्वतः एकत्र आलो म्हणूनच हा कारखाना उभा राहिला, एवढे ध्यानात ठेवावे.