पौषातही हिरवे राहणारे परसदार



दिवाळी सरली की आपल्या रहिमतपूर भागात रात्री आकाश निरभ्र राहते, वारा कोरडा सुटतो आणि पौषात कमंडलूकाठच्या मळ्यांतून पहाटे अंगावर काटा येतो. थंड हवा जड असते. ती उताराने पाण्यासारखी खाली येते आणि ओढ्याकाठच्या सखल जागेत साचून राहते. त्यामुळे एकाच गावात माळावरच्या वस्तीपेक्षा खालच्या मळ्यात गारठा अधिक. तेव्हा आपले परस कोठे आहे ते आधी पाहा, मग झाडे निवडा. पपई, केळ आणि नवे लावलेले आंब्याचे कलम अशा सखल जागी हमखास मार खातात.

बारमाही हिरवी झाडे थंडी सोसतात, हे आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत पानांवरचे दव गोठते. तरी तिथल्या रानातील जांभूळ आणि अंजन हिरवेच असतात. मग आपल्या दारची हिरवी झाडे हिवाळ्यात का सुकतात? पानगळीची झाडे पाने टाकून पाण्याचा खर्च थांबवतात. हिरव्या झाडाचा खर्च मात्र चालूच राहतो. वरून कोरडा वारा पानातले पाणी ओढतो आणि खाली गार मातीत मुळ्या मंदावतात. माझ्या पाहण्यात अशी झाडे गारठ्यापेक्षा तहानेनेच जास्त गेली आहेत. उन्हाळ्यात हंडे ओतणारे घर मार्गशीर्षात झाडाला विसरते!

ज्या बाजूने गार वारा येतो त्या बाजूला अडुळसा लावा. पावसाळ्यात फांद्यांचे तुकडे दीड-दीड फुटावर खोचले की कुंपण तयार होते. पाने कडू असल्याने शेळ्या-गुरे त्याला तोंड लावत नाहीत. खोकल्यासाठी अडुळशाचा काढा घरोघरी करतात. पण गरोदर बाईला तो देऊ नये. बाहेरच्या बांधाला करवंद बरे. काट्यामुळे आत कोणी शिरत नाही आणि मे महिन्यात पोरांची चंगळ होते. करवंदाचे बी मात्र साठवून ठेवू नका; फळ खाल्ले की ताजे असतानाच पेरा.

आता लिंबू. परसात एक कागदी लिंबू असले की बाजारात लिंबू विकत घ्यावे लागत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात त्यासाठी चांगली. हिवाळ्यात लिंबाची वाढ थांबते आणि काही पाने पिवळी पडतात. ते पाहून घाईने युरिया टाकला जातो. तसे करू नका. मुळ्या गारठलेल्या असताना खत लागू पडत नाही, आणि पडलेच तर कोवळी फूट निघून तीच थंडीत करपते. दिवाळीनंतर नत्र बंद करा, छाटणीही नको. आठ-दहा दिवसांनी दोन हंडे पाणी द्या. जमीन भारी असेल तर बोट घालून ओल पाहून द्या. मोरीचे पाणी अळूला आणि केळीला जाते, लिंबाच्या वाट्याला काही येत नाही, हे घरोघरचे चित्र आहे. आळे दुहेरी करा, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही आणि डिंक्या रोगाची भीती कमी होईल.

कढीपत्त्याचेही तसेच आहे. थंडीत त्याची पाने झडली म्हणून तो मेला असे समजून उपटू नका. उन्हे तापली की तो पुन्हा फुटतो.

सर्व झाडांच्या बुंध्याभोवती उसाचे पाचट चार बोटे जाड पसरा, पण खोडापासून वीतभर दूर ठेवा. पाचट पेटवून देण्यापेक्षा हा उपयोग कितीतरी चांगला. आंब्याचे कलम पहिल्या दोन हिवाळ्यांत कडब्याने झाका. आग्नेयेची बाजू उघडी ठेवा, म्हणजे सकाळचे ऊन आत जाईल. फार गारठा पडण्याची चिन्हे दिसली तर संध्याकाळी विहिरीचे पाणी द्या. ते हिवाळ्यात कोमट असते आणि ओली जमीन रात्री ऊब धरून ठेवते. ओढ्याकाठच्या परसात पहाटे बांधावर ओला पालापाचोळा धुमसत ठेवावा. जाळ नको, धूर हवा. घर आणि गोठा वाऱ्याच्या तोंडाशी नाहीत ना, एवढे मात्र आधी पाहून घ्या.