घरचा संगणक (लेखांक ९) : बिघडलेले दप्तर, शाबूत मालमत्ता

घरातील प्रत्येकाला एकाच यंत्रावर स्वतंत्र खाते देण्याची विंडोज प्रणालीतील व्यवस्था आपण गेल्या आठवड्यात पाहिली. ते खातेच बिघडले असता काय करावे, याचा विचार आज करावयाचा आहे. नेहमीचा परवलीचा शब्द देऊन आत जावे, तो डेस्कटॉप ओकाबोका, दस्तऐवजांचे फोल्डर रिते आणि तात्पुरत्या प्रोफाइलने प्रवेश झाल्याची सूचना पडद्यावर, असे दृश्य दिसताच वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे नष्ट झाली, अशी भीती गृहस्थाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सातबाऱ्यावरील नोंद चुकली म्हणून शेत जसे नाहीसे होत नाही, तशा त्या फायली बहुधा जागच्या जागी असतात. बिघडलेले असते ते केवळ त्यांचे दप्तर.

हे दप्तर दोन ठिकाणी असते. पहिले म्हणजे खातेदाराच्या स्वतःच्या फोल्डरातील 'एनटीयूझर डॉट डॅट' ही सहसा दृष्टीआड ठेवलेली फाइल, जिच्यात त्याच्या सर्व पसंती नोंदलेल्या असतात. हे फोल्डर एक्सपीच्या काळात 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये असे, ते २००७ साली घरोघरी आलेल्या व्हिस्टापासून सी ड्राइव्हवरील 'यूझर्स'मध्ये असते. दुसरे म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीतील, म्हणजे रजिस्ट्रीतील, 'प्रोफाइललिस्ट' हा विभाग, जेथे प्रत्येक खात्याचा 'एस-१-५-२१'ने आरंभ होणारा दीर्घ क्रमांक आणि त्याच्या फोल्डराचा पत्ता रुजू असतो. लिखाण चालू असता वीज अकस्मात गेली, किंवा डिस्कच जीर्ण झाली, म्हणजे यांपैकी एखादे वाचता येईनासे होते, आणि प्रणाली खातेदाराला तूर्त एका तात्पुरत्या प्रोफाइलात बसविते.

या तात्पुरत्या प्रोफाइलात काहीही साठवू नये, कारण साइन आउट होताच ते समूळ पुसले जाते. प्रथम यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास, अन्य कोणताही उपाय योजण्यापूर्वी, व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्यातून आपल्या जुन्या फोल्डराची संपूर्ण नक्कल बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावी आणि दोन-चार फायली उघडून तिची खातरजमा करावी.

त्यानंतर त्याच दुसऱ्या खात्यातून प्रोफाइललिस्ट तपासावी, मात्र त्या विभागाची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवल्याखेरीज त्यात फेरफार करू नये. तेथे पुष्कळदा एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी आढळतात, आणि त्यांपैकी एकीच्या शेवटी 'डॉट बॅक' असे शेपूट असते. तीतील 'प्रोफाइलइमेजपाथ'मधील पत्ता आपल्या मूळ फोल्डराचा असेल, तर हीच अस्सल नोंद होय. बिनशेपटीच्या नोंदीचे नाव बदलावे, अस्सल नोंदीचे शेपूट काढावे, तीतील 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' ही मूल्ये असल्यास शून्य करावीत आणि यंत्र पुन्हा सुरू करावे.

मात्र एनटीयूझर फाइलच बिघडली असेल, तर हा इलाज चालत नाही. अशा वेळी नवे खाते उघडून दस्तऐवज, छायाचित्रे, डाउनलोड इत्यादी तेथे न्यावेत आणि एनटीयूझर या नावाने आरंभ होणाऱ्या फायली मात्र कटाक्षाने वगळाव्यात, अन्यथा जुना रोग नव्या घरी शिरतो. बहुतेक ब्राउझरांनी साठविलेले परवलीचे शब्द जुन्या खात्याच्या किल्लीने बंदिस्त असल्यामुळे नुसत्या नकलेने नव्या खात्यात उघडत नाहीत. म्हणून सर्व काही हाती आल्याची खात्री पटेपर्यंत जुने खाते काढून टाकू नये.

अशा प्रसंगी नुकसान होते ते बहुधा मूळ बिघाडाने नव्हे, तर घाबरून केलेल्या फॉरमॅटने. तेव्हा आधी मालमत्ता सुरक्षित करावी आणि मगच दप्तर दुरुस्त करावे, हा क्रम कधीही मोडू नये. नक्कल आधीपासूनच तयार असेल, तर ही धावपळ मुळातच टळते. त्या नियमित नकलेची तजवीज पुढील लेखांकात पाहू.