लाकूड गेलं, हस्तिदंत राहिले: गोव्याच्या समुद्रातलं बिननावाचं जहाज ओळखलं कसं?

बुडालेलं जहाज म्हटलं की डोळ्यांसमोर टायटॅनिक येतं. पण आपल्या समुद्रात बुडालेलं जुनं लाकडी जहाज शोधायला पाणबुडे उतरतात, तेव्हा बऱ्याचदा तिथे जहाजच नसतं!

कारण टेरेडो. दिसतो किड्यासारखा, पण हा आहे शिंपल्यांच्या कुळातला जीव. उबदार, खाऱ्या पाण्यात तो लाकूड आतून पोखरत जातो. गाळात गाडलेला भाग तेवढा टिकतो, कारण तिथे त्याला ऑक्सिजन मिळत नाही. स्वीडनचं 'वासा' १६२८ मध्ये बुडालं आणि १९६१ मध्ये जवळपास अख्खं वर आलं. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, तिथे टेरेडोचं फारसं चालत नाही. अरबी समुद्रात असं नशीब कुठलं!

मग शोधायचं काय? जहाजावरचा माल.

गोव्यात मुरगाव परिसरातल्या समुद्रात सुंची रीफ नावाचा पाण्याखालचा खडक आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे शोध सुरू केला. पाणी फार खोल नाही, पण गढूळ. एअरलिफ्ट नावाच्या पाइपने वाळू हळूहळू ओढून बाजूला करायची आणि खाली काय दिसतं ते बघायचं, असं हे काम.

सापडलं काय? तोफा, नांगर, काचेच्या बाटल्यांचे बूड, चिनी भांड्यांचे तुकडे, घडीव दगड, हस्तिदंत आणि चक्क पाणघोड्याचे दात.

हे दात महत्त्वाचे. हत्ती भारतातही आहेत, पाणघोडे नाहीत. म्हणजे हा माल आफ्रिकेतून आलेला. सोबत मार्तबान रांजणांची खापरं होती. म्यानमारमधल्या मार्तबान बंदरावरून नाव पडलेले हे दणकट रांजण जहाजांवर पाणी, तेल साठवायला वापरत. सगळा पुरावा जुळवून अभ्यासकांनी हे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज ठरवलं. पालघरकडे तारापूर, शिरगाव, वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, त्याच काळातलं.

नाव मात्र कशावरच नाही.

म्हणूनच 'आठवण' म्हणून एखादं खापर उचलून नेणं महागात पडतं. इथे खापर, दात आणि तोफ एकाच जागी पडून होती, हाच पुरावा. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये गेलेला हस्तिदंत कुठल्याच जहाजाचा राहत नाही. शिवाय शेकडो वर्षं पाण्यात राहिलेली वस्तू झटकन वाळली की तडकते. तिच्यातलं मीठ गोड्या पाण्यात ठेवून सावकाश काढावं लागतं. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते, ते वेगळंच.

गोव्याजवळच सेंट जॉर्ज रीफवर आणखी एक जहाज बुडालं होतं. त्याचंही लाकूड उरलेलं नाही. पण तिथे मिळालेल्या कौलांवर छाप आहे: 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५'. म्हणजे कोकणातल्या घरांवर दिसतात तीच मंगलोरी कौलं! अर्थात १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं वर्ष, कौल भाजल्याचं नव्हे. त्यामुळे जहाज त्याआधी बुडालेलं नाही, एवढं पक्कं. नंतर नेमकं कधी, ते कौल सांगत नाही.