जोड कोणी लावली?

भिवंडीत ‘बँड’ म्हटलं की समोरचा आधी विचारतो, लग्न कोणाचं? त्यात त्याची चूक नाही. काल्हेर-कशेळीपासून कोनपर्यंतच्या आगरी गावांत हळदीच्या रात्री जो वाजतो तो बँड, आणि त्यातला राजा बेंजो. नाव अमेरिकी वाद्याचं, पण वाद्य आपलं बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि आवाज थेट भोंग्यात. त्यामुळे श्रावणातल्या एका शुक्रवारी, कारखाने बंद असताना, आम्ही सहा जण लूमच्या गाळ्याशेजारच्या खोलीत ‘बँडची स्पर्धा’ घ्यायला बसलो, तेव्हा काल्हेरच्या मित्राचा पहिला प्रश्न होता, “आमचे गावचा बेंजो नाय का रं?” नाही म्हणालो. स्पर्धा रॉक बँडची होती. त्याने ते मनात ठेवलं.

पद्धत साधी. सोळा बँड, बाद फेरी. हरला तो घरी. सोळातून एक उरायला पंधरा जण बाद व्हावे लागतात, म्हणजे पंधरा सामने. सुताच्या कोनांचा खोका फाडून पुठ्ठ्यावर आखणी केली. प्रत्येक बँडची तीन गाणी लावायची आणि हात वर करून मत द्यायचं. बरोबरी झाली तर निकाल जॉबर चाचांचा. चाचा आझमगडकडचे, चाळीस वर्षं याच शहरात माग दुरुस्त करत आलेले. रॉकशी त्यांचा संबंध शून्य, म्हणून निःपक्षपाती. तेरा परदेशी बँड निवडले आणि तीन देशी: इंडस क्रीड, परिक्रमा आणि इंडियन ओशन. जोड्या लावायला माझ्या भाचीने डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या.

इथेच घोळ झाला. पहिल्याच फेरीत बीटल्ससमोर ब्लॅक सॅबथ आला, आणि क्वीनला परिक्रमा.

जत्रेतली कुस्ती पाहिलेल्या माणसाला ही भानगड ठाऊक असते. लोक पैलवानाचं नाव घेतात, पण जाणता म्हातारा विचारतो, जोड कोणी लावली? पंचांनी जोड लावली तिथेच अर्धी कुस्ती झालेली असते. 1961 पासून चाललेल्या महाराष्ट्र केसरीत आज गादीचा विजेता आणि मातीचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. रचना डौलदार आहे. पण राज्यातले सर्वांत बलवान दोघेही मातीवालेच असले, तर त्यातल्या एकाला अंतिम कुस्ती दिसणारच नाही, आणि उपविजेता म्हणून भलत्याचाच फेटा बांधला जाईल.

याची रीतसर तक्रार सर्वांत आधी करणाऱ्यांत ‘ॲलिस’चा लेखक लुईस कॅरल होता. पेशाने तो ऑक्सफर्डचा गणिती, खरं नाव चार्ल्स डॉजसन. 1883 मध्ये त्याने लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिकाच लिहिली. बत्तीस खेळाडूंच्या बाद फेरीत, चांगला खेळाडू नेहमी जिंकतो असं धरलं तरी, खऱ्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरं बक्षीस मिळण्याची शक्यता फक्त 31 पैकी 16. आमच्या सोळांच्या पुठ्ठ्यावर ती 15 पैकी 8 होती. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. यावर उपाय म्हणजे मानांकन, बलाढ्यांना आधीच दूर दूर ठेवणं. पण मानांकन द्यायचं तर कोण मोठा हे आधी ठरवावं लागतं, आणि तेच ठरवायला तर आम्ही बसलो होतो.

त्याहून अवघड गाठ पुढे सापडली. सामने संपल्यावर मी तिघांना गंमत म्हणून त्यांची खरी क्रमवारी विचारली. कामतघरचा म्हणाला बीटल्स, झेपेलिन, क्वीन. पद्मानगरचा तेलुगू मित्र म्हणाला झेपेलिन, क्वीन, बीटल्स. काल्हेरचा म्हणाला क्वीन, बीटल्स, झेपेलिन. आता या तिघांची मतं मोजा. बीटल्स झेपेलिनला दोन विरुद्ध एकने हरवतो, झेपेलिन क्वीनला तसाच हरवतो, आणि क्वीन बीटल्सला! तिघेही शहाणे, तिघांच्याही मनात गोंधळ नाही, पण एकत्र बसले की दगड-कागद-कात्री. अशा वेळी जो पहिल्या सामन्यात बाहेर बसतो, तोच जिंकतो. फ्रान्सच्या कोंदोर्सेने 1785 मध्ये मतदानातली ही गोम दाखवली होती. आम्हाला ती दोन कटिंग चहांत दिसली.

बँड एकमेकांसमोर खरोखर उतरले, त्याचा इतिहास मुंबईत आहे. 1970 आणि 71 मध्ये एका सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ ही स्पर्धा घेतली. देशभरातून पोरांचे बँड आले आणि त्यांच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. आयआयटीच्या मूड इंडिगोत ‘लाइव्हवायर’ ही बँडची स्पर्धा कॉलेजातल्या पोरांना परीक्षेपेक्षा महत्त्वाची वाटे. आणि धोबीतलावचं रंगभवन! उघडं आवार, 1980 मध्ये तिथे ‘द पोलिस’ वाजवून गेले, आणि 1986 पासून इंडिपेंडन्स रॉकचा मेळा भरू लागला. इंडस क्रीडचं पहिलं नाव रॉक मशीन, ते नाव ज्यांनी ओरडून घसा बसवून घेतला त्यातला मी एक. शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं, म्हणून पुढे शांतता क्षेत्र झालं आणि रंगभवनाचा आवाज बंद झाला. आम्हा भिवंडीकरांचे हाल त्याआधीचेच. शेवटच्या लोकलने ठाण्याला उतरावं तर पुढे एसटी नाही. मग भिवंडीकडे निघालेला सुताचा ट्रक थांबवायचा आणि कशेळीच्या पुलापर्यंत ड्रायव्हरला रॉक म्हणजे काय ते समजावायचं. एकाने मला विचारलं होतं, “इसमें मुकाबला कौन जीता?” मुकाबला म्हणजे त्याच्या डोक्यात कव्वालीचा. रात्रभर सवालाला जवाब, कोकणातल्या शक्ती-तुऱ्यासारखा. मला तेव्हा हसू आलं. आज वाटतं, त्याचीच स्पर्धा खरी. तिथे हरणाऱ्याला निदान जवाब देता येतो. आमच्या पुठ्ठ्यावर बीटल्स हरले ते त्यांना न विचारता.

तर तो सामना. बीटल्सची तीन गाणी झाली, सगळे गुणगुणले. मग सॅबथ. पहिली फेक पडली आणि खिडकीचं तावदान थरथरलं. मतं तीन-तीन. चाचा कोपऱ्यात बशीत चहा ओतून बसले होते. मी त्यांना सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा पत्र्याच्या कारखान्यातला पोरगा, वय सतरा, 1965. कामाचा शेवटचा दिवस, आणि यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं घेतली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जळालेल्या हाताच्या दोनच बोटांवर गिटार पेलणारा तो वादक. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं.

चाचांच्या डाव्या हाताची करंगळी एका पेराने आखूड आहे. ते तिच्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, “और तार? तार तो सख़्त होगी.”

मी सांगितलं, तारा दुखायच्या म्हणून त्याने पातळ लावल्या, आणि पुढे सूर खाली उतरवून त्या सैलही केल्या. तो जड, खोल आवाज बराचसा तिथूनच आला.

“ताना ढीला किया,” चाचा म्हणाले. “सही किया. नहीं तो टूटती.” आणि हात वर केला.

मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटा फेकणाऱ्या मागाशेजारी ज्याची हयात गेली, त्याला सॅबथचा ठेका संथच वाटला असणार. त्याने मत ठेक्याला दिलं नाही, ताणाला दिलं.

बीटल्स पहिल्याच फेरीत घरी गेले आणि कामतघरचा मित्र चहा न घेता उठला. पुढचं थोडक्यात. मेटॅलिकाने निर्वानाला उडवलं. लिंकिन पार्कला आमच्यातल्या एकुलत्या तरुणाशिवाय कोणी वाली नव्हता. झेपेलिनमधल्या दोघांनी 1972 मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं, हे सांगून मी झेपेलिनला उपांत्य फेरीपर्यंत ओढला, तिथे क्वीनने गाठलं. क्वीनला पाचगणीची सहानुभूती होती. फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायला लागला. अंतिम सामना क्वीन आणि सॅबथ. सॅबथ जिंकला.

हा निकाल मी गंभीरपणे घेत नाही. 2025 मध्ये 5 जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचा गायक ऑझी सिंहासनावर बसून शेवटचं गायला आणि 22 तारखेला गेला. आमची स्पर्धा त्यानंतर महिन्याच्या आत झाली. मार्गशीर्षात घेतली असती तर पुठ्ठ्यावर वेगळं नाव असतं.

पण एक गोष्ट मी त्या दिवशी बोलून बसलो, ती महागात पडली. आयोमीला तेव्हा गिटारच्या पुरेशा पातळ तारा मिळत नव्हत्या. त्याने वरच्या दोन जागी चक्क बँजोच्या तारा लावल्या. काल्हेरचा मित्र ताडकन उठला. बँजो आणि बेंजो यांत काय फरक आहे ते त्याला कोणी पटवू शकलं नाही. विजेत्याचा आवाजच बेंजोच्या तारांवर उभा, मग बेंजो स्पर्धेबाहेर कसा?

आता फेरस्पर्धा ठरली आहे. सोळाचे सतरा झाले, म्हणजे सामने सोळा, आणि एक जादा सामना आधी खेळवावा लागणार. बाकीच्या पंधरांना पुढे चाल. सतराव्याशी त्या सामन्यात कोणी भिडायचं यावर तीन शुक्रवार गेले. चिठ्ठी टाकायला कोणी तयार नाही. कामतघरचा म्हणतो, बीटल्सला आणखी एकदा पहिल्याच फेरीत मरू देणार नाही. पद्मानगरचा झेपेलिनची चिठ्ठी खिशात घालून फिरतो. आणि काल्हेरच्या हळदीतला आवाज ऐकलेल्या कोणालाही आपला बँड बेंजोसमोर उतरवायचा नाही.